आयुधपूजेचा रंग

“मेस्त्री, गाडीत काही नाही म्हणता ना? मग खोट माणसात आहे. उद्यापासून मारुती नको मला.”

जाधवअण्णा माझ्या चामराजपेटच्या गॅरेजात उभं राहून हे बोलत होते. ज्याच्याबद्दल बोलत होते तो त्यांचा ड्रायव्हर मारुती तिथेच, पिकअपच्या दाराला हात लावून खाली मान घालून उभा. मला ते ऐकवेना.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हाचं बंगलोर डिसेंबरात खरंच गारठायचं. अण्णांच्या घराण्याला बंगलोरात येऊन पिढ्या झाल्या होत्या. त्यांची ऑक्सिजन सिलिंडरची एजन्सी होती. मारुती निपाणीकडचा, माझ्याच भागातला. रोज पहाटे डिझेल पिकअप काढायची, बोम्मसंद्र्याच्या प्लांटवर सिलिंडर भरून घ्यायचे आणि उजाडता उजाडता नर्सिंग होमला पोचवायचे, हे त्याचं काम. थंडी पडल्यापासून गाडी पहाटे कुरकुरत होती आणि त्या आठवड्यात एका सकाळी ती सुरूच झाली नाही. नर्सिंग होममध्ये एक म्हातारी शेवटच्या सिलिंडरवर होती. तिच्यासाठी शेजारच्या हॉस्पिटलातून रिक्षात घालून सिलिंडर आणावा लागला. म्हातारी वाचली. पण तिच्या मुलानं फोनवर अण्णांना जे सुनावलं, ते अण्णांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

“दिवसा अर्ध्या सेल्फात सुरू होते गाडी,” अण्णा म्हणाले. “पहाटेच कशी बंद पडते? हा उठत नाही आणि नाव गाडीचं सांगतो.”

“न्हाई ओ अण्णा,” मारुती पुटपुटला. “सेल्फ मारला की नुसतं कण्हतंय इंजिन.”

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी जोरात दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेल पेटतं. थंडीत इंजिन गार असतं, ऑइल घट्ट झालेलं असतं. म्हणून आधी हीटर प्लग तापवायचे आणि मग सेल्फनं इंजिन जोरात फिरवायचं. संथ फिरलं तर पेटत नाही.

मी हीटर प्लग बदलले होते, बॅटरी तपासली होती, सेल्फ उतरवून पुन्हा बसवला होता. तरी दुखणं जैसे थे. आणि गॅरेजात आली की ही गाडी शहाण्यासारखी वागायची.

“अण्णा, एक दिवस द्या,” मी म्हणालो. “आता गाडी माझ्याकडे नको. मीच पहाटे तिच्याकडे येतो.”

“सरी, ठीक आहे मेस्त्री. पण एकच दिवस.”

दुसऱ्या दिवशी कानटोपी घालून गेलो, तर मारुती माझ्या आधी हजर. अण्णांच्या घराखालच्या गोडाऊनसमोर गाडी दवानं भिजलेली होती. त्यानं गाडीला हात जोडले, हीटरची किल्ली फिरवली, थांबला आणि सेल्फ मारला. इंजिन एकदा घरघरलं आणि आडून बसलं. माणूस खरं बोलत होता. मला बरं वाटलं आणि स्वतःची चीडही आली, कारण मूळ दोष अजून हाती लागत नव्हता.

“पुन्हा मार,” म्हणत मी बॉनेटखाली वाकलो. आधारासाठी हात टेकला तो नेमका ॲक्सिलरेटरच्या केबलवर, आणि झटकन मागे घेतला. केबल तापली होती! रात्रभर गारठ्यात उभी गाडी, इंजिन अजून पेटलेलं नाही आणि केबल गरम?

तिथे उलगडा झाला. बॅटरीतून करंट सेल्फला जातो, पण त्याला परतही यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे इंजिन आणि चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांना जोडणारी जाड पट्टी. आम्ही तिला अर्थिंग म्हणतो. तो रस्ता अडला की करंट मिळेल त्या बोळातून घुसतो. इथे तो बारक्या केबलमधून परतत होता. दिवसा ऊन असतं, इंजिन हलकं फिरतं, तेवढ्यावर भागतं. पहाटे भागत नाही.

टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट. पण सगळं काळंभोर, चकचकीत. बोल्ट खोलला तर पट्टीच्या खालीही रंगाचा जाड थर.

“मारुती, हा रंग कधी मारलास?”

“दसऱ्याच्या आयुधपूजेला. सगळी खालची बाजू रंगवली. ही पट्टी काढून तिच्याखालीसुद्धा मारला, गंज चढू ने म्हणून.” मग त्याच्या ध्यानात आलं. “म्हंजे, माझ्यामुळंच?”

तो फुटपाथवर बसला. त्या म्हातारीचं नाव त्याला माहीत नव्हतं, पण तिच्याचबद्दल तो विचार करतोय हे मला कळत होतं. मी पॉलिश पेपरनं रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, पट्टी आवळली. “मार सेल्फ.”

पहिल्याच गरक्याला इंजिन धडधडू लागलं.

आवाज ऐकून अण्णा मफलर गुंडाळत बाहेर आले. “काय होतं?”

पट्टी गंजली होती, असं काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. मारुतीनं संधीच दिली नाही.

“माझी चूक, अण्णा. पूजेला मी रंग मारला, त्यानंच करंट अडला. दुसरा माणूस बघा तुम्ही.”

अण्णांनी वाकून टॉर्चच्या उजेडात ती खरवडलेली जागा पाहिली.

“डबा मीच दिला होता की रे,” ते हळूच म्हणाले. “स्वल्पसुद्धा जागा सोडू नको म्हणालो होतो.” मग मफलर सावरत म्हणाले, “जा आता. नर्सिंग होमात वाट बघत असतील.”

पुढच्या आयुधपूजेला मारुती पिकअप सजवून गॅरेजात घेऊन आला. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, खालून सगळी ताजी रंगवलेली. मी सवयीनं खाली वाकून पाहिलं. अर्थिंगच्या बोल्टभोवती तळहाताएवढी जागा कोरी ठेवली होती, घासून लख्ख केलेली. बाजूच्या रंगावर हळदकुंकवाचं बोट होतं. लोखंडावर नव्हतं.