गोफणीत न बसणारा दगड

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकाला नाही. देवापुढं हात जोडताना मनातही आणलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शाळा चौथीपर्यंत. लिहिते मात्र मीच.

वडवणीच्या पुढं आमची वस्ती. मध्यंतरी शेजारच्या गावात आभाळातून दगड पडले — एकाच्या घराचा पत्रा फुटला. शहरातून अभ्यास करणारी माणसं आली. सगळे बघायला गेले. मी गेले, माझी धाकटी जाऊ कौसाही आली.

त्यांच्यातली एक बाई समजावून सांगत होती. दगड काळा, वरून जळल्यासारखा, लोहचुंबक लावलं की चिकटायचं. मंगळ आणि गुरूच्या मध्ये खडक फिरतात म्हणे, त्यांतलाच तुकडा. आपल्या पृथ्वीपेक्षाही जुना. आणि असा दगड जमिनीवर पडून किती वर्षं झाली, तेही आता यंत्रावर अंदाजानं निघतं.

कौसानं मला कोपरानं ढोसलं. "दगडाचं बी वय निघतंय, अक्का. माझंच तेवढं आधार कार्डावर न्हाई निघालं."

लोक हसले. मग त्या बाईनं विचारलं, असा जुना दगड कुणाच्या घरी आहे का?

मी कौसाला म्हटलं, चल, घरी जाऊ.

माझ्या घरी आहे. ज्वारीच्या कोठीत, तळाशी, फडक्यात बांधलेला. तो कसा आला — थांबा, आधी कौसाची गोफण सांगते. त्याशिवाय कळायचं नाही.

तेव्हा आमचं एकत्र होतं. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर कौसाच उभी राहायची. तिची गोफण फिरली की पाखरू उडायचं, कणसाला धक्का लागायचा नाही. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी धाकटी गड्याला भारी आहे. थोरली कशाला भारी, ते कधी सांगितलं नाही. मला ते डाचायचं. एवढंच होतं का? एवढंच होतं. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

त्या दिवशी सकाळी पाण्याच्या हंड्यावरून आमची जुंपली. कौसा चिडून म्हणाली, "तुझ्या डोक्यावर धोंडा पडंल." भांडणात बाया म्हणतात तसं. घरादारानं ऐकलं.

दुपारी ती मचाणावर, मी घरात एकटी. आभाळ स्वच्छ. लांब कुठंतरी गडगडलं — वाटलं, विहिरीला सुरुंग लावला असेल. तेवढ्यात पत्रा फाटला आणि चुलीपासून हातभर अंतरावर जमिनीत काहीतरी घुसलं. काळा दगड, नारळाएवढा. सरळ वरून आलेला. तसला दगड आमच्या रानात नाही, आणि गोफणीत तर तो बसलाच नसता. हे मला तिथंच कळलं होतं.

भीती वाटली का? वाटली, घडीभर. मग सकाळचं बोलणं आठवलं — आणि आनंद झाला. हो, आनंदच.

तो दगड उपसून मी कोठीत पुरला. दारातून लिंबाएवढा गोटा उचलला, त्या खड्ड्यात ठेवला, आणि मग ओरडले.

पत्र्याचं भोक केवढं, गोटा केवढा — कुणी पाहिलं नाही. कौसानं देवापुढचा बेलभंडारा उचलून शपथेवर सांगितलं, मी मारला नाही. मग मीही उचलला. म्हणाले, तिनंच मारला. दिरानं, तिच्याच नवऱ्यानं, तिची गोफण चुलीत घातली आणि तिच्या उजव्या हातावर काठी घातली, सगळ्यांसमोर. मी बघत होते. हाड वाकडं बसलं. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही, आणि त्यात जोरही उरला नाही.

त्यामुळं तिला वेणी घालता येत नाही. आज किती वर्षं झाली, तिची वेणी मी घालते. ती म्हणते, "अक्का, तू नसतीस तर माझं डोकं कुणी बघितलं असतं?" मी फणी चालवत राहते.

यापेक्षा वाईट एक आहे. अलीकडं ती म्हणायला लागलीय — गोफण माझ्याच हातून सुटली असंल, नेम चुकला असंल, उगंच खोटा भंडारा उचलला. स्वतःवरचा विश्वास गेला तिचा. खोटा भंडारा मी उचलला, आणि देवाची माफी ती मागते.

शेजारच्या गावातला दगड बघून परत येताना कौसा म्हणाली, "तवा आपल्या पत्र्याला असंच भोक होतं गं."

मी म्हणाले, "ते लहान होतं."

या वयातही खोटंच.

रविवारी माझी नात ओट्यावर बसून आम्हा दोघींना पेपरची पुरवणी वाचून दाखवते. मी तेव्हा कौसाची वेणी घालत असते. हे छापून आलं तर नात हेही वाचेल. तिला मी आधी काही सांगणार नाही, थांबवणारही नाही. दगड आज कोठीतून काढलाय, धुतलाय. त्या दिवशी तो कौसासमोर ओट्यावर असेल.

तिला तो डाव्या हातानं उचलावा लागेल.