पसरणीच्या घाटात चाक कुणी वळवलं?

या पानावरचे अनुभव मी चहाबरोबर फरसाण खावं तसे वाचते. खरे वाटतात म्हणून नाही, मजा येते म्हणून. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाला बांधावर कंदील... आणि मी मनात म्हणते, बाबांनो, आधी डोळे तपासून घ्या! माझा धंदाच असा आहे की प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं. गाडी एका बाजूला ओढते? बुश गेलाय. आवाज येतोय? बेअरिंग बघा. तेव्हा आज मी इथे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय. कुणाला थट्टा करायची असेल तर खुशाल करा, तुमच्या जागी मीही केली असती.

मी लग्न होऊन सांगलीला आले. तिथे माझं छोटं वर्कशॉप आहे, ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना पॉवर स्टिअरिंग बसवून देण्याचं. बाई हे काम करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक ट्रॅक्टर दाखवायला कमी आणि मला बघायलाच जास्त यायचे. आता गळीत हंगामाच्या तोंडावर तेच लोक ‘ताई, आमचं आधी घ्या’ म्हणून मागे लागतात. हे सगळं मी शिकले वडलांकडे. आप्पा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. माझं माहेर साताऱ्याहून वाईकडे जाताना लिंब फाट्याच्या अलीकडे. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये आप्पांची हत्यारं, आणि शेडच्या दारात त्यांची लाल टू-सीटर.

ही गाडी म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स कार. लांब नाक, उघडा टप, दोनच सीटा. पाचगणीच्या एका बंगल्याच्या आवारात गवतात सडत पडली होती. आप्पा पेन्शनीत आले तेव्हा ती ओढून आणली आणि एकेक पार्ट जमवून उभी केली. दिसायला राणी, पण चालवायला महाकर्मकठीण! स्टिअरिंग एवढं जड की उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे जात्यावर दळायला बसल्यासारखं. आप्पांना त्याचाच अभिमान.

मागच्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, पण उजवा खांदा काही पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, छोट्या हलक्या गाडीची. ती लाल गाडी त्यांच्या हाताला ऐकेना. मग दुपारी ते नुसतेच जाऊन तिच्यात बसायचे. टोपी घालून, दोन्ही हात चाकावर ठेवून, गाडी जागच्या जागी. मी माहेरी आले असताना ते पाहिलं आणि मला राहवलं नाही.

“आप्पा, मी हिला पॉवर स्टिअरिंग बसवते.”

“जुन्या गाडीला असलं काय लावत्यात व्हय गं?” म्हणाले, पण चेहरा खुलला होता.

आई मात्र भडकली. “त्यांना घरात गप बसू दे. तू चाक हलकं करून दिलंस, आन् उद्या काय इपरीत झालं, तर मी तुलाच इचारीन. ध्यानात ठेव.”

ते माझ्या ध्यानात राहिलं. चांगलंच राहिलं.

काम नवरात्राच्या आधी उरकलं. जुना स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे दांड्याखालची गिअरची पेटी, काढला, त्याच्या जागी दातेरी पट्टीचा रॅक बसवला, आणि भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीची इलेक्ट्रिक मोटर स्टिअरिंगच्या दांड्याला मदतीला दिली. आप्पांना जुनं लाकडी रिमचं चाक नव्या दांड्यावर हवं होतं. पण ते जुन्या दांड्यावर असं बसलं होतं की ठोकलं, तापवलं, शिव्या दिल्या, तरी हलेना. शेवटी गाडीला दुसरं चाक लावलं, आणि जुनं चाक, दांडा, बॉक्स असं अख्खं लटांबर टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळून ठेवलं. म्हटलं, दसरा झाला की बघू. बॉक्समधलं तेलही काढून टाकलेलं. कशालाही जोडलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या.

खंडेनवमीला आईनं हत्यारं पुजली. आमच्याकडे त्या दिवशी पाने-हातोडे धुऊन मांडतात, हळद-कुंकू, झेंडू वाहतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यांचा विसावा असतो तो. टेबलावर जे जे दिसलं त्या सगळ्याला आईनं हळद-कुंकू लावलं, त्यात व्हाइसमधलं ते जुनं स्टिअरिंगही आलं. चाकाला माळ घातली.

“आई, ते हत्यार नाही, भंगार आहे,” मी हसले.

“ऱ्हाऊ दे. एवढी वर्षं राबलंय ते.”

गाडीचीही पूजा झाली, चाकाखाली लिंबू झालं. आणि आप्पांनी जाहीर केलं की ते पाचगणीपर्यंत जाऊन येणार. एकटे!

“मी येते बरोबर,” मी म्हटलं.

“मला राखणदार नगं. तुझ्या कामावर तुझाच भरवसा न्हाई व्हय?”

मी किल्ली देऊन टाकली. नऊ दिवसांचा उपास, त्यात शुगरची गोळी चालू. “निदान गोळी तरी सोडा नाहीतर उपास तरी सोडा,” म्हणून आम्ही दोघी कंटाळलो होतो. पालथ्या घड्यावर पाणी. राजगिऱ्याचा एक लाडू खिशात टाकला आणि गेले.

दुपार व्हायला आली होती. आई शेडच्या दारात बसून झेंडूची तोरणं ओवत होती, मी आत टेबलाशेजारी स्टुलावर बसून तिला फुलं निवडून देत होते. मोबाइल आईजवळ. लेथ बंद, ग्राइंडर बंद. आणि माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ती चाकावरची माळ हलली.

वारा, म्हटलं. मग उंदीर, म्हटलं. मग मान वळवून नीट बघितलं तर चाक वळत होतं. सावकाश डावीकडे, मग परत सरळ. बॉक्सच्या खालचा लोखंडी हात त्याच्याबरोबर सरकत होता. मी उठून व्हाइस बघितला, घट्ट होता. टेबलाखाली वाकून बघितलं. काही नाही.

मी ओरडले नाही. भीती वाटायला आधी समजावं लागतं ना, काय चाललंय ते... चाक उजवीकडे गेलं, बराच वेळ तसंच राहिलं, सुटलं, आणि लगेच डावीकडे. आणि मग ते मला समजलं. लहानपणापासून आप्पांच्या शेजारी बसून मी पसरणीचा घाट चढलेय. कुठलं वळण किती लांब, ते झोपेतही सांगेन. हे पायथ्यापासूनचं. हे देवळाजवळचं. आप्पा तिकडे घाटात वळत होते तसं हे इकडे वळत होतं.

आता एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगते. माणसाच्या हातातलं चाक सरळ रस्त्यावरही कधी स्थिर नसतं. बारीक-बारीक हलत असतं, हात सारखा सांभाळून घेत असतो. ते चाक तसंच हलत होतं. आणि एकदम ते हलणं थांबलं. चाक मोकळं पडल्यासारखं झालं आणि हळूहळू उजवीकडे कलायला लागलं. त्या टप्प्यात चढताना डोंगर डावीकडे आणि दरी उजवीकडे.

मी चाकाकडे हात नेला तशी आई ओरडली, “अगं, हात लावू नगंस! पुजलंय ते!”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही थबकले. मी, जी कशावर विश्वास ठेवत नाही ती! मग दोन्ही हातांनी चाक धरलं आणि डावीकडे ओढलं.

तेल काढलेला, कशालाही न जोडलेला बॉक्स. एका बोटानं फिरायला हवा होता. तो दगडासारखा जड होता. सगळं वजन टाकून ओढलं तेव्हा कुठे थोडा-थोडा यायला लागला. रिमला थरथर जाणवत होती, खाली खडी असावी तशी. माझ्या तोंडून नुसतं “आप्पा... आप्पा...” एवढंच निघत होतं. मग एक हिसका बसला, थेट खांद्यापर्यंत, आणि सगळं शांत झालं.

“फोन लाव,” मी म्हटलं. चाक सोडायची माझी हिंमत होत नव्हती. आईनं फोन लावून माझ्या कानाला धरला. रिंग वाजत राहिली, वाजतच राहिली. मग भलत्याच माणसाचा आवाज आला.

“म्हातारं बरं हाय, ताई. घाबरू नगा. चक्कर आल्ती, गूळ चारलाय. गाडी कडंच्या गटारीत हाय.”

तेव्हा मी हात सोडले आणि तिथेच फरशीवर बसले. आई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

शेजाऱ्यांची जीप घेऊन आम्ही गेलो. फोन उचलणारा वाईचा एक टेम्पोवाला होता, आप्पांच्या मागनंच घाट चढत होता. त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं देते. “ह्यांनी मान टाकल्याली मला मागनं दिसली. टप उघडाच की. गाडी दरीकडं चालल्याली, मी तर डोळंच झाकलं. उघडून बघतोय तर हळूहळू डोंगराकडं वळाया लागल्याली, गड्यानं बेतानं वळवावी तशी. पर ह्यांची मान तवाबी खालीच हुती.”

आप्पा कठड्यावर बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. “आवं, उपास सोडा आता,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

नंतर मी गाडी खोलून सगळं तपासलं. मोटर स्वतःहून चाक वळवत नाही, हाताला नुसता जोर देते. वायरिंग ठीक. रॅक ठीक. रस्त्याचा उतार म्हणावा, तर आधी गाडी उजवीकडे का गेली? दगडाचा धक्का म्हणावा, तर पुढच्या टायरांवर मार नाही, आणि धक्क्यानं गाडी अशी हळूहळू वळत नाही. आणि हे सगळं सापडलं असतं तरी शेडमधल्या चाकाचं काय? आईनंही ते फिरताना पाहिलंय. ते जुनं स्टिअरिंग आता एका बोटानं फिरतं. मी कितीतरी वेळा फिरवून बघितलंय. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त ‘ताई, तुम्ही दमला असाल’ म्हणू नका.

आप्पांना मी हे दसऱ्याच्या संध्याकाळी सांगितलं, सोनं द्यायला वाकले तेव्हा. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. असं कसं झालं, हेही विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघत राहिले.

“जड लागलं का गं?” त्यांनी विचारलं.

“लय जड होतं, आप्पा.”

त्यांनी तो अधू उजवा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला आणि हळूहळू दाबायला लागले.