राखेवरची बादली

दोस्तहो, आज सुरतच्या कारखान्यात बंद पडलेली मशीन मी तार बांधून चालू केली अन् चहाले गेलो. तार सुटली, कापड फाटलं. साहेब ओरडला, "ये टिंकरिंग मत कर! कल सोचता हूँ, तुझे काम पे रखना है या नहीं."

तवापासून तीनदा बॅग भरली, तीनदा खाली केली.

मोबाईलवर पाह्यलं. इंग्रजीत टिंकर म्हणजे जमेल तशी दुरुस्ती करणं. आधी गावोगाव फिरून भांडे सांधणाऱ्याले टिंकर म्हणत. हातोडीच्या टिंग-टिंग आवाजावरून नाव पडलं, असं काही जण म्हणतात.

म्हणजे आमचा बाप! चांदूर बाजारात तो सांधलेली बादली पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवते. राख कोरडी राह्यली, तरच गिऱ्हाइकाले देते.

फोनवर त्याले सारं सांगतलं, तर त्यानं इतकंच इचारलं, "तार बांधल्यावर पाहत उभा होता काय रे?"

नव्हतो. उद्या साहेबाले हेच सांगू, का बॅग उचलू?