हात न उचलता

दादा गेल्यावर कोलकात्यातल्या आमच्या बेहालाच्या घरी जे लोक भेटायला आले, त्यांतल्या बहुतेकांना कारण आधीच ठाऊक होतं. मुलगा न्यू टाउनला आयटीत होता, लग्न केलेलं नव्हतं, कामाच्या वेळा विचित्र होत्या. एवढ्या भांडवलावर कुणीही निष्कर्ष काढू शकतं. बाबाही सगळ्यांना तेच सांगायचे, ऑफिसचं टेन्शन. समोरचा मान हलवायचा आणि हल्लीच्या नोकऱ्यांवर बोलणं सुरू व्हायचं. मी चहा देत फिरायचे.

माझ्या भावाने आत्महत्या केली. कशी, ते मी लिहिणार नाही. ते विचारणाऱ्यांचा मला तेव्हा राग आला होता आणि अजून येतो. का, हेही मला नेमकं सांगता येणार नाही. त्याची औषधं चालू होती, मध्ये त्यानं ती बंद केली, मग डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. मधले काही महिने तो चांगला होता. माणसाच्या मरणाला एकच कारण शोधणं हा लोकांचा आळस आहे, आणि तो आळस मी करणार नाही. माझी अडचण वेगळी होती. लहानपणी आमच्या घरात जे चालायचं ते त्याला आणि मलाच माहीत होतं. तो गेला आणि ते खरंच घडलं होतं असं म्हणणारी मी एकटी उरले.

बाबा बँकेत अधिकारी. नागपूरहून बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा दादा दुसरीत होता आणि मी अजून शाळेत जायला लागले नव्हते. पुढे बाबांनी इथेच बस्तान बसवलं. बाहेर ते अतिशय सभ्य गृहस्थ होते. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाच्या मुलांना शुद्ध मराठी शिकवायचे, कुणाच्या घरी अडलंनडलं तर पहिले धावून जायचे. हे सगळं खरं आहे. त्यांना कुणी वाईट म्हटलं तर आजही मंडळातले लोक अंगावर येतील.

घरी त्यांची शिक्षेची एक पद्धत होती. कुणाचे मार्क कमी आले, पेला फुटला, त्यांच्या दुपारच्या झोपेत आवाज झाला, की ते आम्हा दोघांना पुढच्या खोलीत बोलवायचे. दार लावायचे. स्वतः खुर्चीत बसायचे आणि आम्हाला समोरासमोर उभं करायचे. चूक ज्याची असेल त्याच्या थोबाडीत दुसऱ्यानं मारायची. हळू मारली तर बाबा म्हणायचे, "परत." तीही हळू वाटली तर मारणाऱ्यालाच शिक्षा, म्हणजे आता पहिल्यानं मारायचं. आवाज कधी चढवायचे नाहीत. पेपर तपासणाऱ्या मास्तरांसारखे शांत बसून असायचे.

दादानं यावर उपाय काढला होता. माझी मारायची पाळी असली की तो ओठ न हलवता बंगालीत म्हणायचा, "जोरे मार, शेष होये जाबे." जोरात मार, म्हणजे संपेल. आम्ही शाळेत बंगाली शिकलो होतो, इमारतीतल्या मुलांशी तीच बोलायचो. बाबांचं सगळं काम इंग्रजी आणि हिंदीत चालायचं, त्यांना बंगाली फारशी कळत नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, काय पुटपुटतोस. दादा म्हणाला, माफी मागतोय. बाबांना ते आवडलं. त्यानंतर त्यांनी कधी हटकलं नाही आणि मी दर वेळी जोरात मारत गेले. त्याचा गाल लाल व्हायचा, माझा हात झणझणायचा, मग आम्ही अभ्यासाला बसायचो. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची.

आईला बंगाली येत नाही हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं. बाजारात ती आम्हाला दुभाषी म्हणून न्यायची. भाजीवाल्याशी बोटांनी आणि हिंदीत बोलायची. शेजारच्या काकीमा काही सांगू लागल्या की आमच्याकडे बघून हसायची. आम्ही तिची नक्कलही करायचो.

मोठेपणी माझ्यात आणि दादात एक अंतर राहून गेलं, म्हणजे अंगाचं अंतर. भाऊबीजेला मी त्याला ओवाळायचे तेव्हा कुंकू लावायला माझा हात कपाळाकडे गेला की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. जमलेले लोक हसायचे, एवढा बाप्या आणि बहिणीला घाबरतो म्हणायचे. आम्हीही हसायचो. मग मी बोटाच्या टोकानं पटकन टिळा लावायला शिकले.

त्या खोलीबद्दल आम्ही बोललो ते गेल्या काही वर्षांतच. माझं ऑफिस सियालदहजवळ. दादा न्यू टाउनहून कधी कधी मुद्दाम तिथे उतरायचा. स्टेशनबाहेरच्या गर्दीत उभ्यानं चहा प्यायचा आणि मग बेहालाची बस पकडायची, असा त्याचा उलटा मार्ग. तिथे आम्ही हे बोलायचो, तेही बंगालीत. मराठीत ते शब्द आमच्या तोंडून निघत नसत. तो नेहमी एका गोष्टीवर येऊन थांबायचा. आपण हे वाढवून तर सांगत नाही ना? लहान मुलांना काहीही आठवतं. आणखी कुणाला माहीत असतं तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, मला माहीत आहे की. त्यावर तो म्हणायचा, तुला मोजायचं नाही, तू तर माझ्याच बाजूची. त्याची ही गंमत करायची पद्धत होती. तिचा मला त्रास व्हायचा, पण मी हसायचे.

तो गेल्यानंतर पंधरवडा उलटला असेल. दुपारी बाबांच्या बँकेतले एक जुने सहकारी आले. हेही मराठी, निवृत्त होऊन इथेच राहिलेले. माणूस चांगला. ते बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले की तुमच्यासारखा बाप असून पोरानं असं करावं हे समजत नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मला त्याबद्दल शंका नाही.

बाबा म्हणाले, "मी माझ्या मुलांवर आयुष्यात कधी हात उचलला नाही."

मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी आम्हाला कधीच बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी काही बोलले असते तर खोटी ठरले असते, आणि ती वेळही खोटं ठरण्याची नव्हती. पाहुणे गेल्यावर मी कप उचलले आणि स्वयंपाकघरात गेले. मला भयंकर राग आला होता. तो काढायला समोर आईशिवाय कुणी नव्हतं. मी तिला विचारलं की बाबा काय म्हणाले ते ऐकलंस का.

आई कप विसळत राहिली. म्हणाली, "खोटं नाही बोलले. तुमचे हात उचलायला लावले."

मी तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, सांगायला कशाला हवं, भिंत एवढीशी. "तो तुला जोरे मार म्हणायचा. रोज वाटायचं, आज तरी म्हणू नये." तिचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले होते. काकीमांकडून ती दोन-तीन वर्षांतच बंगाली शिकली होती. येत नाही म्हटलं की बरं असायचं, असं ती म्हणाली. कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, हे ती म्हणाली नाही, पण त्याखेरीज दुसरा अर्थ काढणं मला जमलं नाही.

मला हायसं वाटलं हे मी लपवणार नाही. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचललं. आणि त्याच क्षणी तिचा इतका राग आला की तिच्या हातातला कप काढून घेऊन मी ओट्यावर आपटला. तो फुटला नाही.

मग तिनं पुढचं सांगितलं. गेल्या दिवाळीत दादा असाच इथे येऊन उभा राहिला होता. आई, तुला तेव्हा माहीत होतं का, असं त्यानं सरळ मराठीत विचारलं होतं. तिनं सांगितलं, मला काहीच माहीत नव्हतं रे. तो बरं म्हणाला आणि करंज्यांचा डबा घेऊन बाहेर गेला.

त्याचं तेव्हा काय झालं असेल याचा विचार मी अजून पूर्ण करू शकलेले नाही. तिच्या त्या नाहीमुळे तो गेला असं मी म्हणणार नाही, तो आळस मी करणार नाही म्हणून आधीच सांगितलंय. पण मराठीत विचारायला त्याला किती बळ लागलं असेल ते मला माहीत आहे.

मी तिला म्हटलं, "त्याला नाही म्हणालीस. आता बाबांसमोर हो म्हण."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आता काय उपयोग म्हणेल. तिनं हात पुसले आणि बाहेर गेली. बाबा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. चाळिसेक वर्षांच्या संसारात मी तिला त्यांच्यासमोर अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती.

"अहो, तुम्ही मुलांना एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावायचात," ती म्हणाली. "दार लावून."

बाबांनी चष्मा घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना तिच्या बोलण्यातली एकच गोष्ट खटकली होती आणि ती ते तपासून घेत होते.

"तू तर आत असायचीस," ते म्हणाले.

आपण काय कबूल केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ते टीव्हीचा रिमोट शोधू लागले. आई पुन्हा कप विसळायला गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. घडलं होतं. आम्ही काही वाढवून सांगत नव्हतो. दोघांच्या तोंडून ते एकाच खोलीत सिद्ध झालं होतं, आणि ज्याला ते हवं होतं त्याला सांगायची आता कुठलीच सोय नव्हती.