नोरीनआत्या जावयाच्या कुत्र्याशी बोलते

नोरीनआत्या सरकारला पोरं पकडून देते, अशी आमच्या आदिवासी वस्तीत आवई होती. तिची पांढरी गाडी दिसली की आया लेकरांना मागल्या दाराने पिटाळत. खरं तर आमची पोरं परक्या घरी जाऊ नयेत, नात्यातच राहावीत, म्हणूनच तिने ही समाजसेवेची नोकरी धरली होती. त्यात पाय सुजले, झोप गेली आणि शिव्या दोन्हीकडून मिळाल्या.

त्या दिवशी क्लिफ्टनकडे जायचं होतं. त्याची बायको इस्पितळात होती. त्यांची तान्ही लेक टलीशा तिच्या मावशीकडे राहील, हे त्याने आजच कबूल केलं नाही, तर पोर दूर अ‍ॅडलेड शहरात परक्यांकडे जाणार होती. पण क्लिफ्टन, सख्ख्या लेकीचा नवरा नसला तरी, नात्याने आत्याचा जावई, आणि आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"आज तुला बोलावंच लागणार! पैज, हरेल तिने कांगारूची शेपटी भाजून घालायची," गाडीत मी म्हणाले.

"लाव. भूक लागलीच आहे," ती म्हणाली.

अंगणात ती त्याच्याकडे पाठ करून धुळीत बसली आणि त्याच्या कुत्र्याला म्हणाली, "काय रे लुच्च्या, लेकरू मावशीकडे राहिलं तर तुझ्या धन्याला चालेल का?"

क्लिफ्टननेही तोंड दुसरीकडे फिरवलं. मग तोही कुत्र्यालाच म्हणाला, "विचार त्यांना, तिथे दारू चालते का?"

"सांग त्याला, काल बघून आले. चहाशिवाय काही नाही."

"मग राहू दे म्हणावं."

शेपटी मलाच भाजावी लागली. ती भाजून होईपर्यंत आत्या गाडीत तशीच, उपाशी झोपून गेली होती.