काकींच्या मालकांचं पातेलं

"मी उठनार न्हाई! टेम्पोवाल्याला म्हनावं, मला पातेल्यासकट उचल!"

शेजारच्या काकी समाजमंदिराच्या दारात आमच्या मंडळाच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात मांडी घालून बसल्या होत्या. आवाज असा, की पार सोनईच्या बाजारात शेळ्यांनी कान टवकारले असतील. पातेलंही तसंच. एकदा भात ढवळायला आचारी आत उतरला, तो दुसऱ्या पंगतीलाच बाहेर आला. शपथ घ्यायला लावू नका.

गोरगरिबांच्या कार्याला भांडी फुकट मिळावीत म्हणून आम्ही हे मंडळ रजिस्टर केलं होतं. घरातलं माणूस गेलं की लोक मंडळाला एक भांडं देत, काठावर त्याचं नाव कोरून. म्हणजे गावच्या प्रत्येक लग्नात आमचे मेलेले हजर! पुढे केटरर आले, स्वतःची भांडी घेऊन. आमची धूळ खाऊ लागली. मंडळ बंद करायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी ऐटीत जाहीर केलं, "ज्याचं भांडं त्यानं न्यावं." काकींनी तर मालकांच्या नावाच्या या पातेल्यासाठी घरात जागाही करून ठेवली.

नगरच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मंडळ मोडलं तरी त्याची मालमत्ता अशी वाटता येत नाही, मिळत्याजुळत्या कामाच्या संस्थेलाच द्यावी लागते. भांडी श्रीरामपूरकडच्या एका वसतिगृहाला द्यायचं ठरलं.

"काकी, कायदाच आहे तसा."

"नाव कायद्यानं कोरलं का? म्या कोरून घेतलं. घरात त्यांचा एक फोटो न्हाई रं."

परक्यांच्या लग्नातसुद्धा काकी पातेल्याशेजारीच बसायच्या. मी आपला समजत होतो, बाईला भात आवडतो. मी तिथेच काठाला टेकून बसलो. देऊन टाकलेलं भांडं देणाऱ्याचं किती उरतं, हे ना मला ठाऊक होतं, ना वकिलांना.

काकींनी विचारलं, "तिथं शिजतं का ह्याच्यात काही?"

"दोन्ही वेळेला. पोरं जेवतात."

त्या उठल्या. टेम्पोत मात्र पातेल्याला धरूनच बसल्या.

वसतिगृहात स्वयंपाकीणबाईंना त्यांनी काठावरच्या अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. "हे आमचे मालक. एवढं नाव पुसू देऊ नका, बाई."

बाईंनी पातेलं कलतं करून तळ पाहिला.

"रोज घासावं लागतं, मावशी," त्या म्हणाल्या.