फळ्यावरची अंबाडी

बुधवारी सकाळी शुभाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, फळ्यावर आज काय लिहिलंय ते सांगायला केला असेल. दर बुधवारी ती तेवढ्यासाठीच करायची. आमचं जेवायचं ठिकाण मुलुंड पूर्वेला, तिच्या बिल्डिंगच्या अगदी समोर, त्यामुळे दूध आणायला उतरली की तिथला भाज्यांचा फळा वाचून यायची. मी बाजारात सुरमईवरून कोळणीशी हुज्जत घालत उभी होते. म्हटलं, "लवकर बोल गं, काय आहे आज?" ती म्हणाली, "नलू, मित्रा गेली." कोळणीने तोवर सुरमई कापायला घेतलीसुद्धा होती. मी पिशवी घेऊन घरी आले, मासे फ्रीजमध्ये ठेवले आणि मग ओट्याला धरून रडले. ती सुरमई पुढे फेकून द्यावी लागली. मालवणी बाईने सुरमई फेकली, यावरून काय ते समजा.

मित्रा म्हणजे संघमित्रा. मूळची अकोल्याकडची, वाढली विक्रोळीच्या चाळीत. शुभा, ती आणि मी, तिघींनी एकाच ऑफिसात अख्खी नोकरी काढली. तिचा आवाज असा खणखणीत की साहेबसुद्धा तिच्या टेबलाशी येण्याआधी घसा खाकरायचे. रिटायर झाल्यावर दर बुधवारी दुपारी एकत्र जेवायचं, हा हुकूमही तिचाच. आणि जागा तिने निवडली ती ही! बाहेर काहीतरी इंग्रजी नाव आहे, आम्ही ते कधी उच्चारलं नाही, आमच्यासाठी तो 'फळा'. मालक अमेय, त्याच्या सासऱ्यांची मुरबाडला शेती आहे. सकाळी टेम्पोतून तिथली जी भाजी उतरेल ती खडूने फळ्यावर लिहायची, मेनूकार्ड नाहीच. मी म्हटलं, "हॉटेलात जाऊन पालेभाजी? वेड लागलंय काय गो तुला?" तर म्हणाली, "काहून? मासे काय पळून चाललेत?"

पहिल्याच दिवशी तमाशा झाला. अमेय ऑर्डर घ्यायला आला, तर शुभा म्हणाली, "मला काहीही चालेल." मीही म्हटलं, मला काहीही. घरात सगळ्यांच्या आवडीचं रांधून रांधून आम्हाला ती खोडच लागलेली. मित्रा भडकली. "फळा वाच नीट," ती म्हणाली, "काहीही नावाची भाजी आहे का त्यावर?" आणि तिथल्या तिथे नियम केला, की आपलं ताट आपण मागवायचंच नाही. आपल्या उजवीकडे जी बसलीय तिच्यासाठी मागवायचं, आणि तेही तिच्याकडे नीट बघून. मित्राच्या उजवीकडे मी, माझ्या उजवीकडे शुभा, शुभाच्या उजवीकडे मित्रा. गोल टेबल, खुर्च्या ठरलेल्या. मला सर्दी झाली असेल तर मित्रा कुळथाचं कढण मागवायची, सुनेशी वाजलं असेल तर खीर. सांगावं लागायचं नाही, चेहऱ्यावरून ओळखायची बया.

अंबाडीचा किस्सा तेव्हापासूनचा. फळ्यावर अंबाडी कधीच नसते म्हणून मित्रा अमेयच्या मागे लागली. त्याने बापड्याने ती कधी खाल्ली नव्हती. मग ही अकोल्याहून, भावाच्या शेतातून, बियाणं घेऊन आली, पदरात बांधून आणावं तसं पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. मुरबाडच्या पावसात पहिल्या वर्षी सगळं कुजलं. मी हसले. "तुमची अंबाडी आमच्या पावसात टिकायची नाही गो," म्हटलं. ती म्हणाली, "मी टिकले ना?" पुन्हा बियाणं आणलं, अमेयला दमात घेतलं, उतारावर पेरायला लावलं, जिथे पाणी थांबत नाही.

आणि त्याच वर्षी तिचं दुखणं निघालं. औषधं जहाल, केस गेले, त्याचं तिला काही नव्हतं, डोक्याला झकास रंगीत स्कार्फ बांधून यायची. पण तोंडाची चव गेली. गोड, तिखट, आंबट, सगळं कागद चघळल्यासारखं लागतं म्हणाली. आणि नेमकी त्याच श्रावणात अंबाडी आली. अमेयने फळ्यावर सगळ्यांत वर लिहिली होती, शेजारी खडूने एक पानही काढलं होतं. मला तर अमेयचाच राग आला, आत्ताच यायची होती का ती मेली अंबाडी! मित्राने फळा बघितला, बराच वेळ बघितला... आणि मला म्हणाली, "तुझ्यासाठी अंबाडी. वरून लसणाचं तेल, सोबत ज्वारीची भाकरी. खा, आणि मला सांग कशी लागते."

मी घास घेतला. म्हटलं, "चांगली आहे."

तिने टेबलावर हात आपटला. "चांगली म्हणजे काय? नीट सांग! दोन वर्षं थांबलेय मी!"

आता आली पंचाईत. जन्मभर मी एकतर 'चांगलंय' म्हटलं होतं, नाहीतर 'मीठ कमी'. पण सांगितलं. म्हटलं, आधी आंबट लागतं, पण चिंचेसारखं दात आंबवत नाही, कैरीच्या सालीजवळचं असतं ना, तसं. मग खाली तांदळाच्या कण्या लागतात, त्या सगळं मऊ करतात. लसूण शेवटी येतो आणि घशाशी थांबतो. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि खरं सांगते, ती गिळत होती. मग म्हणाली, "आईची अश्शीच असायची." त्या दिवसापासून ती माझ्याच तोंडाने जेवली. दर बुधवारी मी प्रत्येक घासाचं वर्णन करायचं आणि तिने चुका काढायच्या. "पानं काहीच नाहीत गं," म्हणायची, "थंडीत बोंडं येऊ दे. लाल बोंडांची चटणी खाशील तेव्हा बोल." बोंडं येईपर्यंत मी आहे, असं ठणकावून सांगायची. आमचा विश्वास बसायचा, कारण तिने सांगितलेलं तोवर सगळं झालं होतं.

ती दिवाळीनंतर गेली. पुण्यानुमोदनाला विक्रोळीला गेलो, तिच्या फोटोलाही तो स्कार्फ होता. त्यानंतर फळ्याकडे जायचं धाडस ना शुभाला झालं ना मला. शुभा तर दूध आणायला मागच्या गेटने जायला लागली. मी म्हटलं, संपलं आता, घरी मासे खाऊ. मग गेल्या बुधवारी सकाळी शुभाचा फोन आला. "नलू, बोंडांची चटणी लिहिलीय."

गेलो. त्याच टेबलाशी, आपापल्या खुर्च्यांवर बसलो. अमेय आला, पण ऑर्डर कशी विचारावी त्यालाही कळेना. शुभासाठी मी डाळिंब्यांची उसळ मागवली. मग वाट बघत राहिले... आणि तेव्हा मला उमगलं, की शुभाने जिच्यासाठी मागवायचं ती उरली नव्हती आणि माझ्यासाठी मागवणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्या ओठांवर आलंच होतं, 'मला काहीही.'

शुभा उठली आणि माझ्या डावीकडे, मित्राच्या खुर्चीवर येऊन बसली. माझ्याकडे नीट बघून अमेयला म्हणाली, "हिच्यासाठी बोंडांची चटणी, भाकरी आणि कांदा."

चटणी आली, लालभडक. मी घास घेतला, कसंबसं म्हटलं, "चांगली आहे."

आणि आमची शुभा, जन्मात कोणावर आवाज न चढवलेली, तिने टेबलावर असा हात आपटला की पेला हलला. "चांगली म्हणजे काय गं? नीट सांग!"

मी डोळे पुसले, दुसरा घास घेतला आणि सांगायला लागले.